'शेअर्ड हाउसहोल्ड' म्हणजे कोणाचं घर?

कोल्हापुरातल्या आमच्या बैठकीला बायका वही घेऊन येतात. पानावर एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि खाली स्वतःचं वाक्य. परवाचा शब्द होता 'शेअर्ड हाउसहोल्ड'. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला. अर्थ असा, की नात्यानं एकत्र राहिलेलं घर, मग ते कुणाच्याही नावावर असो. मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो.

"सासऱ्याच्या नावावर असलं तरी?" एका ताईंनी विचारलं. हो, तेही यात येऊ शकतं, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

(एमएसडब्ल्यूला मी ही व्याख्या पाठ केली होती. वाक्य मात्र कधी केलं नव्हतं.)

ताईंनी लिहिलं, 'हे माझं शेअर्ड हाउसहोल्ड आहे. मला काढायचं तर आधी कोर्टात जा.'