घरांतील जिना

घर बांधतांना गृहस्थ देवघराची दिशा पाहतो, दिवाणखान्याची लांबी-रुंदी मोजतो, स्वयंपाकघराच्या खिडकीसाठीं गवंड्याशीं वाद घालतो. जिन्याच्या वांट्याला मात्र उरलेला कोपरा येतो. वास्तविक लहानथोर सर्वजण दिवसांतून अनेक वेळां आपला तोल ज्याच्या स्वाधीन करतात, असें घरांत दुसरें स्थळ नाहीं.

जुन्या वाड्यांतील जिने पुष्कळदां अरुंद, अंधारे आणि उभे असत. आधाराला वरून दोर सोडलेला असे. त्यांत जागा वाचे, परंतु म्हाताऱ्या माणसांना माडी पारखी होई.

सोप्या जिन्याचें गणित सतराव्या शतकांत फ्रांस्वा ब्लॉंदेल या फ्रेंच स्थापत्यशास्त्रज्ञानें मांडलें. सपाटीवर माणसाचें एक पाऊल २४ फ्रेंच इंचांचें, म्हणजे सुमारें ६५ सेंटिमीटरांचें पडतें, आणि वर चढण्यास सपाटीवरील चालीच्या दुप्पट श्रम होतात, असें त्यानें धरलें. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट व तिची रुंदी यांची बेरीज एका पावलाइतकी असावी. आज ही बेरीज साधारणतः ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात.

परंतु नुसत्या बेरजेवर विसंबूं नये. उंची २० आणि रुंदी २२ घेतली तरी बेरीज ६२ भरते; उतरतांना मात्र टांच टेकते आणि चवडा अधांतरीं राहतो. म्हणूनच भारताच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेनें राहत्या घरासाठीं पायरीची रुंदी निदान २५ व उंची फार तर १९ सेंटिमीटर सांगितली आहे, आणि सलग चढणींतील पायऱ्यांच्या संख्येलाही मर्यादा घातली आहे. मजला ३ मीटर उंच असेल, तर पावणेसतरा सेंटिमीटरांहून किंचित् कमी उंचीच्या १८ चढी होतात. त्यांचे नऊ-नऊचे दोन भाग करून मध्यें विसाव्याचा चौथरा ठेवावा.

याहून मोठा नियम समानतेचा. दोन-तीन पायऱ्या चढतांच पाय उंची पाठ करतो, आणि पुढें डोळे पाहतच नाहींत. एका घरीं दिवाणखान्यांतील जुन्या फरशीवरच नवी फरशी बसविली. शेवटची पायरी तीन सेंटिमीटरांनीं ठेंगणी झाली, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पूजेचें तबक घेऊन उतरणाऱ्या आजींचें पाऊल अपेक्षेआधींच जमिनीवर आदळलें, त्या पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. “आईंना हल्लीं नीट दिसत नाहीं,” असें मुलगा सर्वांना सांगत राहिला. महिन्यानें शाळेंत निघालेली नात नेमकी तेथेंच अडखळली, तेव्हां त्यानें टेप आणून पायऱ्या मोजल्या. दुहेरी फरशी उखडून एकपदरी केली गेली. परंतु आजी पुन्हां माडीवर गेल्या नाहींत.

जिन्याला मुठींत नीट मावेल असा कठडा असावा, दिव्याची कळ खालीं आणि वर दोन्ही ठिकाणीं असावी, पायरीची कड वेगळ्या रंगानें उठून दिसावी. या गोष्टींना फारसा खर्च नाहीं. आणि घरांतील म्हातारें माणूस जिन्यावर अडखळलें, तर त्याच्या डोळ्यांना दोष देण्यापूर्वीं पायऱ्या मोजून पाहाव्यात.