घाटावर उभी राहणारी पोरं

(किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या नाशिक येथील संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना नेतृत्वावर आपण कितीही व्याख्यानं दिली, तरी ती नेतृत्व शिकतात एखादं खरं काम अंगावर पडल्यावरच. खरं काम म्हणजे जे बिघडलं तर कुणाचं तरी अडेल, असं काम. आणि नेमकं तेच आपण त्यांच्या हाती देत नाही.

मे महिन्यातली व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं मी अनेक पाहिली आहेत, काही घेतलीही आहेत. मुलं तिथे धीटपणे बोलायला शिकतात आणि ते चांगलंच आहे. पण शिबिर संपतं, प्रमाणपत्र फायलीत जातं आणि जूनमध्ये तोच मुलगा शाळेत खडू आणायलाही परवानगी मागतो.

याउलट अनंत चतुर्दशीला गंगापूर रोडला चोपडा लॉन्सजवळच्या गोदाकाठी जाऊन पाहा. 'देव द्या, देवपण घ्या' असं म्हणत विद्यार्थी कृती समितीची मुलं तिथे दशकाहून अधिक काळ उभी राहत आली आहेत. विसर्जनाला आलेल्या कुटुंबाकडून मूर्ती मागून घ्यायची, निर्माल्य वेगळं करायचं आणि नदीत काही जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ढोल वाजत असतात, माणसं भावुक झालेली असतात, आणि समोरच्याच्या हातात त्याचा देव असतो.

एका वर्षी मी तिथे बराच वेळ उभी होते. नववी-दहावीतली एक मुलगी एका आजींशी बोलत होती. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, मासे मरतात, सगळं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. आजींनी शांतपणे विचारलं, "पोरी, दहा दिवस घरात बसवलेला देव मी तुझ्या ट्रकात टाकू?" मुलगी गप्प झाली. मग तिने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "आजी, आपण इथेच आरती करू. तुम्ही तीनदा पाण्यात बुडवा, मग मी दोन्ही हातांनी घेते." आरती झाली. आजींनी मूर्ती तिच्या हाती दिली, वर खिरापतही दिली. त्यानंतर ती मुलगी प्रत्येक कुटुंबापुढे अनवाणीच गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर शेजारच्या पोरांनीही चपला काढल्या होत्या. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

समोरच्याचं दुखतं कुठे हे ओळखायचं, आपलं पाठ केलेलं वाक्य सोडून द्यायचं आणि स्वतः आधी वाकायचं, हे कोणत्या तासाला शिकवणार आपण? तिथे तिला समजावायला मी पुढे झाले असते, तर मूर्ती कदाचित मिळालीही असती, पण ती मुलगी काहीच शिकली नसती.

दुसरं उदाहरणही आपल्याच गावचं. ऑगस्ट २००३ मध्ये सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या दिवसाची आठवण पंचवटीतल्या जुन्या माणसांना आजही अस्वस्थ करते. पुढच्या सिंहस्थाच्या आधी, २०१४ पासून, एमआयटीतले आपले नाशिककर शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' सुरू झालं. शहराचे प्रश्न मांडायचे आणि जो कुणी उत्तर शोधेल त्याला जागा द्यायची, असा तो उपक्रम. त्यात शाळकरी निलय कुलकर्णीने गर्दी मोजणारी चटई केली. माणूस तिच्यावरून चालत गेला की पाऊल मोजलं जायचं आणि आकडा लगेच यंत्रणेपर्यंत पोहोचायचा. चटई बांधायला त्याने शाळेजवळच्या चर्मकाराची मदत घेतली. २०१५ च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वापरली गेली.

त्या मुलाची हुशारी मोठीच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की शहराचा एक जिवावरचा प्रश्न मोठ्या माणसांनी मुलांपुढे उघडा करून ठेवला. 'हे तुमचं काम नाही, अभ्यास करा' असं कुणी म्हटलं नाही. आणि मुलगाही मदत मागायला थेट चर्मकाराकडे गेला. ज्याच्या हातात कसब आहे त्याच्याकडे शिकायला जाणं, हा पुढाऱ्याचा पहिला गुण मी मानते.

मुलांनी असं पुढे येणं काही आजचं नाही. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती जेमतेम चौदा वर्षांची होती. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा त्यात सामील झालेल्यांत नुकतीच अठरा पूर्ण केलेले वि. वा. शिरवाडकरही होते. ते कुसुमाग्रज म्हणून पुढे ओळखले गेले. आणि शेजारच्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळ्यांपुढे उभा राहिलेला शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. हुतात्म्यांचं वय सांगून आजच्या मुलांवर दडपण आणावं, असं मला मुळीच वाटत नाही. मुलांनी जीव द्यावा, अशी वेळ कुठल्याच समाजावर येऊ नये. सांगायचं इतकंच, की या वयाला अन्याय कळतो आणि त्यासाठी काही करण्याची ऊर्मीही असते.

ती ऊर्मी वाया जात नाही, हे लक्षात घ्या. आपण तिला वाट दिली नाही तर दुसरं कुणी देतं. शहरातल्या चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. मधे कुणीतरी 'दादा', भोवती चाळीस-पन्नास छोटे फोटो, त्यातल्या कित्येकांना अजून नीट मिसरूडही फुटलेलं नाही. हीच मुलं उद्या कुणाच्या तरी भांडणात पुढे ढकलली जातात, अल्पवयीन म्हणून वर्तमानपत्रात त्यांची नावं येत नाहीत, आणि दादा सुटतो. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांना कुणीतरी 'तू आपला माणूस आहेस, हे काम तू कर' असं म्हटलं, म्हणून ती गेली. ते वाक्य त्यांना आधी शाळेत ऐकू यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेज रोडवरचा, माइकवर फर्डं बोलणारा मुलगा येतो. सुरगाणा, पेठ भागातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या टोळ्यांत कधी आठवी-नववीपर्यंत शिकलेली एखादी मुलगी असते. टोळीची हजेरी तीच लिहिते, मजुरीचा हिशोब तीच पडताळते, उचल किती फिटली तेही तीच सांगते. पंधरा-वीस माणसांचा पैसा तिच्या वहीवर चालतो. आपल्या वर्गात परत आली की मात्र ती 'गैरहजेरीमुळे मागे पडलेली विद्यार्थिनी' असते. तिच्या वहीची दखल आपल्या कुठल्याही गुणपत्रकात नाही. तिचं शिक्षण तुटू नये, ही आपली पहिली जबाबदारी. आणि ती परत येईल तेव्हा वर्गाच्या सहलीचा, शाळेच्या बागेचा हिशोब तिच्याकडे द्यावा, हे मी मुख्याध्यापकांना हात जोडून सांगते.

मोठ्यांनी काय करायचं? काम सोपवायचं, पैसे सोपवायचे आणि चूक झाली तर लोकांपुढे स्वतः उभं राहायचं. हे तिसरं सर्वांत अवघड. गणेश मंडळात पावती पुस्तक पोरांच्या हाती असतं, पण खर्चाची वही कार्यकर्त्यांच्या कपाटात. ती वहीही पोरांना लिहू द्या. दोनशे रुपयांचा मेळ लागला नाही तर रात्र जागून शोधू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या राज्यात विद्यार्थी प्रतिनिधींना जागा आहे. त्यांना बैठकीत खुर्ची मिळते की फक्त इतिवृत्तात सही? मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याचं वचन संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत आहे, आणि भारताने ती १९९२ मध्येच स्वीकारली आहे. स्वच्छतागृहाला कडी नाही, हे मुलीला बैठकीत सांगता आलं आणि पुढच्या बैठकीआधी कडी बसली, तर तिला लोकशाही कळली.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. मुलांना टोप्या घालून रस्त्याच्या कडेला उभं करण्याची सूचना लवकरच येईल. या संमेलनाने त्याआधी आपली सूचना प्रशासनाकडे द्यावी. पर्वणीच्या दिवशी गर्दीच्या तोंडावर एकही मूल उभं करायचं नाही, ही पहिली अट. त्यांचं काम आधीचं. पंचवटीतल्या गल्ल्या या मुलांइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत. कुठे गल्ली अरुंद होते, कोणती पायरी निसरडी, कुठला ओटा वाटेत आलाय, रात्री कोणता दिवा बंद असतो, हे शाळाशाळांनी गल्ल्या वाटून घेऊन मोजावं, नकाशावर मांडावं आणि मुलांनी स्वतः जाऊन अधिकाऱ्यांपुढे ठेवावं. अधिकाऱ्यांनी त्यातलं काय स्वीकारलं, काय नाही आणि का, हे लेखी कळवावं. नकारही चालेल, पण कारणासह. हरवलेल्या माणसांच्या केंद्रावर भाषा जाणणारी मुलं लागतील. त्यांची निवड आणि पाळ्या लावण्याचं काम मुलांकडेच द्यावं, सोबत एक शिक्षक असावा, आणि त्याने शक्य तितकं गप्प बसावं.

दुपारच्या सत्राची रूपरेषा संयोजकांनी माझ्या विनंतीवरून बदलली आहे. व्यासपीठावर आपल्यापैकी कुणी नसेल. पंचवटीतल्या दोन शाळांच्या मुलांनी अशा नकाशाचा पहिला कच्चा आराखडा केला आहे, तो ती मांडतील आणि सत्रही तीच चालवतील. आपण खाली बसायचं आहे. प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करावा लागेल, आणि वेळ संपल्याची घंटा आठवीतली एक मुलगी वाजवणार आहे. जेवण दीड वाजेपर्यंत आटोपून बरोबर दोनला सभागृहात या.