बसून राहण्याचे दुखणे



माझे शिक्षण कामगार वस्तीतल्या वाचनालयात झाले. विद्यापीठाची पायरी चढलो ती मोर्चाबरोबर. तेव्हा महामारीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकृतीविषयी मी बोलावे, हे धाडसच. पण दिवसभर बसणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न मूळचा कामगारांचाच आहे.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 साली प्रसिद्ध केली. ड्रायव्हर बसलेला, कंडक्टर सतत जिना चढत-उतरत असलेला. गाडी एकच, पण हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. त्यासाठी त्याला तालमीत जावे लागले नाही. त्याचे कामच त्याला चालवीत होते.

आता 2020 आठवा. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली. विद्यार्थ्याचा खेळ तर गेलाच. पण बसथांब्यापर्यंतची पायपीट, वर्गाचे जिने, ग्रंथालयाची फेरी, टपरीपर्यंतचे चालणे, तेही गेले. कंडक्टरचा ड्रायव्हर झाला! अनेक देशांतल्या पाहण्यांत हेच दिसले, आणि ज्यांची हालचाल टिकली त्यांचे मनही सामान्यतः बरे राहिले. अर्थात, उदास माणूस उठत नाही आणि न उठणारा अधिक उदास होतो. यात आधी कोणते, हे सांगणे कठीण.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. उत्तम! पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे आणि मोबाईलवर तास चाललेला. तेथे पोराने सूर्यनमस्कार घालावेत कुठे? त्याला आळशी म्हणणे सोपे, जागा आणि वेळ देणे अवघड.

1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. पडद्यासमोरच्या विद्यार्थ्याला असे संरक्षण कोणी दिले?

संसर्गाचे भय खरे होते. नियमांना मी नावे ठेवीत नाही. पण बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत धोका कमी, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून माझ्या दोनच मागण्या आहेत. पुन्हा साथ आली, तर दोन तासांमधली उठण्याची सुटी वेळापत्रकातच छापा. आणि महाविद्यालयांची मैदाने वस्तीतल्या मुलांना पाळीपाळीने, अंतर राखून खुली ठेवा. पाळ्या कशा लावतात, हे ठाऊक नसेल तर कोणत्याही गिरणी कामगाराला विचारा!