सासू-सुनेचं भांडण आणि रीमाबाईंचं हसू

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

दोन दिवस आपण कायदे, अर्ज, पोलीस ठाणं हेच बोलतोय. आज मला एका नटीबद्दल बोलायचंय. काही जणी म्हणाल, शिबिरात नटीचं काय काम? पण आपल्या केंद्रात येणारी बाई घरी टीव्ही बघते, आणि त्यात काय बघून हसते हेही आपल्याला ठाऊक असायला हवं.

मी रीमा लागूंबद्दल बोलतेय. १९९४ साली 'तू तू मैं मैं' ही मालिका दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरू झाली. सचिन पिळगावकरांनी ती दिग्दर्शित केली होती. पुढे ती स्टार प्लसवरही दिसू लागली. आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा मी लहान होते. सासू झालेल्या रीमाबाई आणि सून झालेल्या सुप्रिया पिळगावकर भांडायला लागल्या की आई, आजी, शेजारच्या काकू पोटभर हसायच्या. आजी सुनेला हसायची, आई सासूला. दोघी एकाच सतरंजीवर बसून हसायच्या, हे मात्र खरं.

या सासूचं वय माहितीय? रीमाबाईंचा जन्म १९५८ चा. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा त्या छत्तिशीच्या होत्या आणि पडद्यावरच्या सुनेपेक्षा अवघ्या नऊ वर्षांनी मोठ्या. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानची आई झाल्या. त्या दोघांच्या वयात जेमतेम साडेसात वर्षांचं अंतर. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये तर त्या संजय दत्तच्या आई होत्या, आणि तो त्यांच्याहून एकाच वर्षाने लहान! नट पन्नाशीतही नायक राहतो, बाईला मात्र तिशीत आई करून टाकतात. आपल्याकडेही लेक वयात आली की आईने रंगीत पातळ नेसू नये म्हणतातच की. हिशेब तोच.

त्यांचं मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्याची, हुजूरपागा. लहानपणापासून अभिनय, पण पोटापाण्यासाठी युनियन बँकेत नोकरी. दिवसा बँक आणि संध्याकाळी नाटक असं सुमारे दहा वर्षं चाललं. लग्न झालं, मुलगी झाली, पुढे नवरा-बायको वेगळे झाले. त्या काम करत राहिल्या. आपण बचत गटात सांगतो ना, हातात स्वतःचा पैसा असला की निर्णय घेताना पाय लटपटत नाहीत, तेच हे.

टीव्हीवर हसवणाऱ्या या बाईने ऐंशीच्या दशकात जयवंत दळवींचं 'पुरुष' नाटक केलं होतं. त्यातली अंबिका शिक्षिका आहे. गुलाबराव नावाचा पुढारी तिच्यावर बलात्कार करतो. त्याच्यामागे सत्ता आहे, तिच्यामागे कोणी नाही. शेवटी ती स्वतःच त्याला शिक्षा करते. गुलाबरावाचं काम नाना पाटेकरांचं होतं, अंबिकेचं रीमाबाईंचं.

जळगावात उभं राहून हे नाटक आठवताना जीभ जड होते. 'तू तू मैं मैं' आली त्याच १९९४ साली आपल्या जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीस आलं. फोटो काढून, धमकावून मुलींना नाडलं गेलं. तेव्हाच्या कार्यकर्त्या मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या. पण साक्षीला उभं राहण्याची किंमत इतकी मोठी होती की फार थोड्या मुली पुढे येऊ शकल्या, आणि पुढे बहुतेक आरोपी सुटले. गावात चर्चा मात्र मुलींच्याच चारित्र्याची झाली. बाहेर हे चाललेलं असताना घरात आपण सासू-सुनेच्या भांडणाला हसत होतो.

हसणं वाईट असं मी म्हणत नाही. हसणं ही बायकांची जुनी शिदोरी आहे. आपल्या आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसून सासरचा उद्धार करतातच. तेवढाच जीव हलका होतो. प्रश्न एवढाच, की भांडणात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही? मालिकेत भांडतात दोन बायका. मुलगा मध्ये बिचारा, कात्रीत सापडलेला. त्याच्याकडे बघून आपल्याला कीव येते.

आता केंद्रातली एक गोष्ट सांगते. धुळे जिल्ह्यातल्या एका गावाची एक सून आमच्याकडे आली. तक्रार सासूविरुद्ध. सासूला बोलावलं, तर तिची तक्रार सुनेविरुद्ध. कळण्याच्या भाकरीत मीठ जास्त पडलं इथपासून सुरुवात. मुलगा कोपऱ्यात बसून म्हणे, "ताई, मी कोणाची बाजू घेऊ?" आम्हालाही क्षणभर मालिकाच आठवली.

पंधरा दिवसांनी सासू एकटीच आली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "माय, पोरगा म्हनतो, तिला हाकल, नाहीतर तूबी निघ." मग विचारलं, घर कोणाच्या नावावर? मुलाच्या. शेत? मुलाच्या. नवरा गेल्यावर हिने अंगठा दिला होता, कशावर ते माहीत नव्हतं. चुलीपाशी दोघी भांडत होत्या, पण चूल, घर, शेत सगळं तिसऱ्याच्याच नावावर!

मैत्रिणींनो, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनेसाठी नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजय यांनाही तो लागू आहे. मुलगा छळत असेल तर आई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते, आणि राहत्या घरातून काढू नये असा आदेश कोर्टाकडे मागू शकते. आम्ही दोघींचे वेगवेगळे अर्ज भरले. तारखेला दोघी एकाच एस.टी.ने आल्या. घरातून दोघींनाही कोणी काढू शकलं नाही. मिठावरून अजूनही भांडतात, भांडू देत!

रीमाबाई १८ मे २०१७ ला हृदयविकाराने गेल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, तेव्हाही एका मालिकेत काम करतच होत्या. मला वाटतं, अंबिका आणि ती भांडकुदळ सासू या दोन्ही बायका त्यांनी एकाच ताकदीने उभ्या केल्या. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक सासूतही एक अंबिका असू शकते. पण तिला आपण बहुतेक वेळा आरोपीच्या खुर्चीवर बसवून मोकळ्या होतो.

म्हणून एकच विनंती. गावी गेल्यावर पुढची सासू-सुनेची तक्रार आली, की "चूक कोणाची?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा : सातबारा कोणाच्या नावावर आहे? आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या बिचाऱ्याला मधल्या खुर्चीत बसवा.