चित्रातली खरखर

श्रोतेहो, आभाळात वीज चमकली की रेडिओत खरखर येते, हे आपणांस ठाऊक आहे. तशीच खरखर चित्रातही असते. मानोऱ्याच्या शिवारात दिवेलागणीला सोयाबीनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून पाहा. हिरव्या पानावर तांबडे, निळे, पिवळे कण सांडलेले दिसतील. पानावर ते नसतात. मग आले कोठून?

प्रकाश कणाकणाने येतो, पावसाच्या थेंबांसारखा. अंगणात सारख्या वाट्या मांडल्या तरी रिमझिम पावसात एकीत चार थेंब अधिक पडतात, दुसरीत दोन कमी. कॅमेऱ्यातील एका बिंदूवर सरासरी 100 प्रकाशकण पडत असतील तर चढउतार साधारण 10 चा, म्हणजे शेकडा 10. तेच 10,000 पडले तर शेकडा 1 च. शिवाय प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते. ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटातील मांडणीत निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागतात, आणि उसन्याबरोबर चूकही घरात येते. म्हणून ही खरखर रंगीत.

ती काढावी कशी? शिक्षकबंधूंनी फळ्यावर नऊ आकडे लिहावेत: 52, 49, 53, 50, 255, 51, 54, 50, 52. सरासरी येते 74. एका उनाड पोराने सारा वर्ग बिघडवला! पण आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, तो 52. बिघडलेल्या बिंदूच्या जागी हाच ठेवतात. बारीक खरखरीला मात्र सरासरीच बरी. कॅमेरा न हलवता एकाच दृश्याचे 16 फोटो काढून त्यांची सरासरी घेतली तर खरखर पावपट उरते. रंगाचे म्हणाल, तर उजेड आणि रंग वेगळे करून रंग अधिक पुसतात, कारण आपला डोळा बारकावे ओळखतो ते मुख्यतः उजेडावरून.

येथेच घात होतो. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूरोग. त्याची सुरुवात बारीक पिवळ्या ठिपक्यांनी होते. यंत्राला ठिपका आणि खरखर यांतला भेद कसा कळावा? गेल्या श्रावणात मी सायंकाळी असा एक फोटो काढला. हातातल्या पानावर ठिपके होते, फोटोतले पान मात्र गुळगुळीत हिरवे! मोबाइलने मला न विचारताच सफाई केली होती.

तेव्हा सल्ला विचारण्यासाठी फोटो काढायचा तर सकाळच्या भरपूर उजेडात, हात स्थिर ठेवून काढा. सुंदर करण्याच्या भानगडीत न पडता मूळ फोटोच पाठवा. आणि ते पान, कृपा करून, वहीत दाबून ठेवा.