विषय सोडणें आणि विषय घेणें
(नभोवाणीवरील भाषण)

जुलै महिन्याचा मध्य. घाटांतून चढून आलेला पाऊस लोणावळ्यावर दिवसचे दिवस धरून राहिलेला असतो, नाणे मावळांत आणि आंदर मावळांत भाताची लावणी जोरांत चाललेली असते, आणि नेमक्या याच दिवसांत मावळांतील महाविद्यालयांचे प्रवेश पुरे होऊन तासांना आरंभ होत असतो. सकाळच्या लोकलगाडींत मळवलीस, कामशेतास, वडगांवास मुलामुलींचे घोळके चढतात. कोणी लोणावळ्याच्या डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालयाकडे निघालेला असतो, कोणी तळेगांवच्या इंद्रायणी महाविद्यालयाकडे, तर कोणी थेट पुण्यास. त्यांच्या बोलण्यांत अलीकडे एक वाक्य वारंवार कानीं पडतें : "मी तो विषय ड्रॉप केला."

हें वाक्य उच्चारणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं विषय सोडलेलाच नसतो. त्यांनीं फक्त तासांना जाणें सोडलेलें असतें. या दोन गोष्टींतील अंतर लोणावळा ते पुणें या ६४ किलोमीटरांहूनही अधिक आहे, आणि तें न कळल्यामुळें दर वर्षीं कांहीं चांगल्या मुलांचें एक वर्ष, क्वचित् सगळें शिक्षणच, हातचें जातें.

पूर्वीच्या काळीं हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें मावळांतील ज्या थोड्या मुलांस उच्च शिक्षणाची संधि लाभली तीं त्याच विद्यापीठाच्या नियमांखालीं शिकलीं. विषय ठरलेले असत. मुलानें 'टर्म' भरावी, परीक्षेस बसावें, उतरावें किंवा नापास व्हावें. १९४८ च्या कायद्यानें पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळालें. त्यासच २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. 'एटीकेटी' हा शब्द मावळांतील खेड्यांतही आतां इतका रुळला आहे कीं, मूळ इंग्रजी शब्दप्रयोगांत 'टर्म पुढें चालू ठेवण्यास परवानगी' एवढाच अर्थ आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. परवानगी म्हणजे माफी नव्हे. पेपर मागें उभाच असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मात्र विषय निवडण्याचें बरेंचसें ओझें विद्यार्थ्याच्या खांद्यावर आणून ठेविलें. महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धति २०२४-२५ पासून सुरू झाली. अभ्यास आतां श्रेयांकांनीं मोजला जातो : एका सत्राचे २२, वर्षाचे ४४, तीन वर्षांच्या पदवीचे १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे १७६. पुणें विद्यापीठाच्या विज्ञान शाखेंत पहिल्या वर्षीं तीन मुख्य विषय सारख्याच तोलाचे असतात. दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभीं त्यांपैकीं एक 'मेजर' म्हणून धरावयाचा, दुसरा 'मायनर' म्हणून, आणि तिसरा सोडावयाचा. म्हणजे विषय सोडणें ही आतां चुकार मुलाची पळवाट राहिलेली नसून हुशार मुलासही तें करणें भागच आहे. मग तें नीट कसें करावें हें त्यास कोणी तरी सांगावयास नको काय?

एक उदाहरण घ्यावें. कामशेताच्या आंतल्या बाजूस नाणे मावळांत एक गांव. तेथील एक मुलगी; घरांत बारावीच्या पुढें गेलेली ही पहिलीच. तिनें पदार्थविज्ञान, गणित व रसायन हे तीन विषय घेतले. पदार्थविज्ञानाचें प्रात्यक्षिक आठवड्यांतून दोन दिवस दुपारीं असे व सायंकाळीं पांचास सुटे. तेथून स्टेशन, स्टेशनवरून कामशेत, आणि तेथून गांवाकडे जाणारी गाडी मिळाली तर मिळाली. पावसाळ्यांत अंधार लवकर दाटतो. वडिलांनीं रागावून नव्हे, काळजीनेंच सांगितलें, "दिवेलागणीच्या आंत घरीं येत जा." मुलगी समंजस. तिनें कोणाशीं वाद केला नाहीं. फक्त प्रात्यक्षिकास जाणें थांबविलें. पहिल्या आठवड्यांत दोन दिवस चुकले, दुसऱ्यांत दोन, आणि मग जाण्याचीच लाज वाटूं लागली. मैत्रिणींस ती म्हणे, "तो विषय ड्रॉप केलाय." महाविद्यालयाच्या दप्तरीं मात्र तिचें नांव त्या विषयापुढें जसेंच्या तसें होतें, आणि दर तासाला त्यापुढें गैरहजेरीची खूण पडत होती.

तिचें दैव असें कीं, एका मैत्रिणीनें तिला ओढून प्राध्यापकांकडे नेलें. विषय बदलण्याची मुदत संपावयास चार दिवस उरले होते. अर्ज हातांत घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, "विषय अवघड जातो, कीं वेळ अवघड आहे?"

"विषय नाही सर," ती म्हणाली, "गाडी अवघड आहे."

प्राध्यापकांनीं अर्ज बाजूस ठेविला. प्रात्यक्षिकाची दुसरी तुकडी सकाळीं असे. तळेगांवांतच राहणारी एक मुलगी सकाळची तुकडी सोडून दुपारची घेण्यास तयार झाली. दोघींच्या सह्यांचा एक अर्ज झाला, विभागप्रमुखांनीं त्यावर संमति लिहिली, आणि विषय राहिला. जो प्रश्न त्यांनीं विचारला तो प्रत्येक विद्यार्थ्यानें विषय सोडण्यापूर्वीं स्वतःस विचारण्याजोगा आहे. मावळांतील मुलांच्या बाबतींत वेळ, वाट आणि लोकल हीं पुष्कळदां विषयाचें सोंग घेऊन येतात. दुपारच्या वेळीं तर गाड्या मुळांतच विरळ. तुकडी बदलून किंवा वेळापत्रक पाहून जी अडचण सुटते तिच्यापायीं मनाजोगता विषय टाकून देणें हें, पायांत कांटा मोडला म्हणून शेताची वाटच बदलण्यासारखें होय.

उलट, विषयच खरोखर अवघड जात असेल, किंवा केवळ शेजारच्या मुलानें घेतला म्हणून घेतला गेला असेल, तर तो सोडण्यांत कमीपणा कसला? येथें पालकांची समजूत आड येते. फी भरली, पुस्तकें घेतलीं, आतां माघार नाहीं, असें पुष्कळ घरीं ऐकूं येतें. भरलेली फी कांहीं परत येत नाहीं, पण तिच्यामागें आणखी दोन वर्षें घालविल्यानेंही ती परत येत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं गणितांत पहिल्या वर्गांत पदवी घेतल्यानंतर एम्. ए. चा अभ्यास मध्येंच सोडला व ते कायद्याकडे वळले. १८७९ सालीं ते एल्एल्. बी. झाले. त्यांनीं परीक्षा सोडली, गणित सोडलें नाहीं. १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथांत त्यांनीं वेदांचा काळ ठरविण्यासाठीं जें ज्योतिर्गणित वापरलें तें त्याच व्यासंगाचें फळ होतें. अर्थात् टिळकांचें नांव पुढें करून कोणी उठल्यासुटल्या विषय सोडूं लागेल तर तें हास्यास्पद होईल. ते एक सोडतांना दुसरें कोणतें धरावयाचें हें जाणून होते.

मुदतीचें काय? सत्राच्या आरंभींचे थोडे दिवस विषयबदलासाठीं ठेविलेले असतात. नेमकी तारीख प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागते, आणि तो फलक वाचण्याची संवय हल्लीं फारच थोड्यांस आहे. भ्रमणध्वनीवर मित्र काय पाठवितो यावर सगळी भिस्त! लावणीच्या आठवड्यांत घरीं राहिलेल्या मुलानें परत आल्यावर पहिलें काम तो फलक पाहण्याचें करावें. अर्ज लेखी द्यावा, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यावी, तो कचेरींत देऊन शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ ठेवावी. एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं. पुढें परीक्षेचा अर्ज भरतांना त्यावर विषयांची यादी छापून येते. ती अक्षर न् अक्षर वाचली पाहिजे. सोडलेला विषय तेथें अजून असला तर कचेरीच्या दप्तरांत तो सुटलेलाच नाहीं, आणि परीक्षेच्या दिवशीं मुलगा 'गैरहजर' ठरतो. कारकुनाची चूक असो वा कोणाची असो, त्या दिवशीं ती निस्तरतां येत नाहीं. अर्ज भरतांना एका भेटींत निस्तरते.

विषय घेतांना करावयाचा हिशेब तर याहूनही सोपा, आणि तो जवळजवळ कोणीच करीत नाहीं. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचें अध्यापन, आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. विज्ञानाच्या पहिल्या वर्षीं तीन मुख्य विषयांस दोन श्रेयांक लेखी व दोन प्रात्यक्षिकाचे धरले, आणि उरलेले १० श्रेयांक लेखीच धरले, तर १५ आठवड्यांच्या सत्रांत आठवड्यास २८ तास वर्गांत जातात. त्यांत घरापासूनची जा-ये मिळवावी. ज्याचे रोज तीन तास वाटेंत जातात त्यानें आणखी एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम हौसेनें अंगावर घेण्यापूर्वीं बोटें मोजावींत.

'स्वयम्' या २०१७ सालच्या सरकारी योजनेवरील असे अभ्यासक्रम चांगले आहेत. पुण्यास रोज जाणें ज्यास परवडत नाहीं त्यास तर तें वरदानच. परंतु त्यांतही एक मेख आहे. अभ्यासक्रमास नांव नोंदविणें निराळें आणि त्याच्या परीक्षेस नोंदणी करणें निराळें. पहिलें केलें म्हणजे दुसरें आपोआप होत नाहीं. शिवाय ते श्रेयांक आपलें महाविद्यालय धरणार कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें लागतें. अभ्यास पुरा झाल्यावर विचारणारे बरेच असतात.

दोन-दोन श्रेयांकांचे जे लहान विषय असतात त्यांच्याकडे मुलें उपेक्षेनें पाहतात. "त्यांत काय, कोणताही घ्या," असें म्हणतात. परंतु ज्या तालुक्यांत कार्ल्या-भाज्याचीं लेणीं आहेत, लोहगड आहे, १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारें कैवल्यधाम आहे, फुलशेती आहे, तेथील मुलानें इतिहास, पर्यटन, योग किंवा शेतीशीं लागून असलेला विषय पुढें आला असतां तो डोळे मिटून नाकारावा हें विचित्रच. क्षेत्रप्रकल्पासाठीं शहरांतील मुलें गाड्या करून जेथें येतात तें याच्या घराच्या मागील दारीं आहे.

आतां सर्वांत जपून बोलण्याची गोष्ट : विषय नव्हे, महाविद्यालयच सोडण्याची. नव्या पद्धतींत पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक मिळवून, वर आणखी ४ श्रेयांकांचें कौशल्याचें काम पुरें केलें, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतां येतें. दोन वर्षांनंतर पदविका मिळते. मिळविलेले श्रेयांक २०२१ सालीं निर्माण झालेल्या श्रेयांक-पेढींत विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात, पण अधिकांत अधिक सात वर्षेंच. आणि परत यावयाचें तर तें तीन वर्षांच्या आंत. घरीं कर्ता माणूस अंथरुणास खिळला, तर मुलाला मिळवतें व्हावेंच लागतें, आणि अशा वेळीं ही सोय मोठा आधार आहे. परंतु तळेगांव-चाकणच्या कारखान्यांत पगार मिळूं लागला म्हणजे तीन वर्षें कशीं सरतात तें कळत नाहीं. बाहेर पडण्याचें दार रुंद आहे, आंत येण्याचें अरुंद. कारखान्याच्या पाळ्या सांभाळून शिकणें जमत असेल, अथवा बाहेरून परीक्षा देण्याचा मार्ग मोकळा असेल, तर तो आधीं शोधावा. शिष्यवृत्ति चालू असेल तर अभ्यासक्रम बदलल्यानें किंवा वर्षाचा खंड पडल्यानें तिचें काय होईल हें कचेरींत विचारल्यावांचून तर एक पाऊलही टाकूं नये.

नाणे मावळांतील ती मुलगी पहिलें वर्ष संपवून दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरण्यास आली. तिनें पदार्थविज्ञान मेजर ठरविलें, गणित मायनर, आणि रसायन सोडावयाचें. तिचा हिशेब असा होता कीं, पुढें एम्. एस्सी. करावयाचें तर तें मेजर विषयांतच सरळपणें करतां येतें, आणि पदार्थविज्ञानास गणिताची साथ लागते. पहिल्या सत्राचा रसायनाचा एक पेपर मात्र तिचा राहिला होता. खिडकीशीं तिनें विचारलें, "काका, विषयच सोडला, मग तो पेपर द्यायची गरज नाही ना?"

"विषय सुटला बाळ, पेपर नाही सुटला," कारकून म्हणाले. "त्याचे श्रेयांक पदवीच्या बेरजेत धरायचे आहेत."

कित्येक मुलांस ही गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या शेवटीं कळते. तिला ती त्या दिवशीं कळली. तिनें तेथेंच बांकावर बसून राहिलेल्या पेपराच्या परीक्षेचा अर्ज भरला, दोन्ही अर्जांच्या प्रतींवर शिक्का मारून घेतला, त्या पिशवींत घालून पिशवी रेनकोटाच्या आंत धरली, आणि कामशेतची गाडी गांठण्यासाठीं ती स्टेशनच्या वाटेला लागली.