वेगाचं चलन आलं, तर आधी फोटो बघा

मी कासुर्डीहून बोलतेय.

आमच्या बचत गटाचा छोटा टेम्पो पुणे-सोलापूर रस्त्यानं भाजी घेऊन जातो. एकदा चलन आलं: वेग जास्त, दंड २,००० रुपये. बैठकीत ठरत आलं होतं, ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे. तो सांगत होता, "ताई, त्या दिवशी गाडी दारातच उभी होती." पण यंत्र कसं चुकेल, म्हणून कुणी ऐकेना.

मग एकीच्या लेकीनं महाट्रॅफिक ॲपवर चलन उघडलं. फोटोतला टेम्पो आमचा नव्हताच! त्याच्या नंबरातला ३ हा ८ म्हणून वाचला गेला होता. आम्ही त्याच ॲपवर तक्रार केली, आमच्या गाडीचा फोटो आणि आरसी बुक जोडलं. चलन रद्द झालं. पण त्या भल्या माणसाची माफी मागताना आमच्या माना खाली होत्या.

म्हणून सांगते. मेसेजमधली लिंक दाबू नका, कुणी पाठवलेलं ॲप घेऊ नका. खोट्या चलनानं खातं रिकामं होतं. चलन सरकारी ॲपवरच बघा. नंबर स्पष्ट आहे का? गाडी आपलीच का? तारीख, वेळ, ठिकाण, मोजलेला वेग लिहिलाय का? फोटोत दोन गाड्या असतील, तर वेग कुणाचा, हे विचारा.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ सांगतं, की "गाडी जोरात वाटली" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यंत्राचा आधार लागतो. आणि २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या यंत्राला मान्यतेचा दाखला लागतो, तो दरवर्षी नवा करावा लागतो. तो मागायला लाजू नका.

तक्रार फेटाळली, तरी कोर्टात म्हणणं मांडता येतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा.

आणि एक खरं सांगू? पुढं दुसरं चलन आलं. फोटो पाहिला, गाडी आमचीच, वेगही जास्तच. उशीर झाला म्हणून आम्हीच फोनवर घाई लावली होती. तो दंड गटानं भरला, ड्रायव्हरच्या पगाराला हात लावला नाही. हायवे ओलांडून आपलीच लेकरं शाळेत जातात. खोटं चलन भरू नका, खरं टाळू नका.

येते. नमस्कार!